दंडावरची लस आणि लशीसाठी दंड

लेस्टर हे इंग्लंडच्या मध्यभागातील शहर विणकामाच्या आणि पादत्राणांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. २३ मार्च १८८५ रोजी या शहरात एक प्रचंड मिरवणूक निघाली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे आली होती. त्यांची संख्या कोणी ऐंशी हजार सांगतात, तर कोणी एक लाख. लोकांच्या हातांत निशाणे होती, लहान मुलाची एक शवपेटी होती आणि एक बाहुला फासावर लटकवलेला होता. तो बाहुला होता डॉ. एडवर्ड जेन्नर यांचा. म्हणजे देवीसारख्या भयंकर रोगावर ज्यांनी लस शोधून काढली, त्यांचाच!

असंख्य जीव वाचवणाऱ्या माणसावर लोकांचा एवढा राग का असावा? 'लोक अडाणी होते' असे म्हणून आपल्याला मोकळे होता येईल. पण मग या प्रकरणातून शिकण्यासारखे जे आहे ते हातचे निसटेल. खरे पाहता त्या मिरवणुकीत दोन वेगवेगळे प्रश्न एकत्र चालत होते. पहिला प्रश्न असा, की देवीची लस गुणकारी आणि निर्धोक आहे काय? दुसरा असा, की ती न घेणाऱ्याला सरकारने शिक्षा करावी काय? पहिला प्रश्न विज्ञानाचा आहे. दुसरा प्रश्न समाजाचा आणि न्यायाचा आहे. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की वाद कधीच संपत नाही. लेस्टरचा वाद जवळजवळ अर्धे शतक चालला, आणि तसाच वाद कोविडच्या साथीत आपणही ऐकला.

देवीचा दरारा

देवी हा विषाणूमुळे होणारा रोग होता. ताप येई, मग अंगभर पू भरलेले फोड उठत. लागण झालेल्या दर दहा माणसांपैकी सुमारे तीन दगावत. जगले त्यांच्या चेहऱ्यावर वण राहत, काहींचे डोळे जात. या रोगावर औषध नव्हते. रोग्याच्या फोडांतील द्रव निरोगी माणसाला टोचून सौम्य देवी आणण्याची जुनी रीत भारत, चीन, तुर्कस्तान अशा देशांत होती. पण त्यातही शंभरात एक-दोन माणसे मरत आणि टोचलेल्या माणसापासून इतरांना खऱ्या देवी लागत.

गाईंच्या आचळांवर येणाऱ्या गोस्तन देवींची बाधा ज्यांना झाली आहे त्यांना माणसांच्या देवी येत नाहीत, असा गवळणींचा अनुभव होता. तो प्रयोगाने तपासून पाहण्याचे काम जेन्नर यांनी केले. १४ मे १७९६ रोजी त्यांनी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला गोस्तन देवींचा द्रव टोचला. पुढे मुद्दाम देवीचा द्रव टोचूनही त्या मुलाला देवी आल्या नाहीत. ही लस हातोहात जगभर पसरली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली, आणि भारतातील लसीकरणाचा आरंभ झाला. आपल्याकडे याला 'देवी काढणे' असे म्हणत. तुमच्या घरातील आजी-आजोबांच्या दंडावर त्याचे गोल वण अजून दिसत असतील.

कायदा आला, दंड आला

१८४० मध्ये ब्रिटिश संसदेने गरिबांसाठी लस मोफत केली आणि जुनी धोक्याची रीत बेकायदा ठरवली. येथवर कोणाची फारशी तक्रार नव्हती. १८५३ मध्ये मात्र कायद्याने सक्ती आली. मूल जन्मल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याला लस टोचली नाही तर आईबापांना दंड होऊ लागला. १८६७ च्या कायद्याने तर त्याच मुलासाठी, मूल चौदा वर्षांचे होईपर्यंत, पुन्हा पुन्हा दंड करता येऊ लागला. १८७१ मध्ये अंमलबजावणीसाठी ठिकठिकाणी खास अधिकारी नेमणे बंधनकारक झाले.

आता या कायद्याचा भार कोणावर पडला ते पाहा. श्रीमंत माणूस दंडाचे पैसे टाकून मोकळा होई. कारखान्यातील कामगाराला तो दंड परवडत नसे. न भरल्यास घरातील सामान जप्त करून लिलावात विकत, आणि तेही नसेल तर तुरुंगात पाठवत. एकट्या लेस्टरमध्ये हजारो खटले झाले. कायदा सर्वांना सारखाच होता, पण त्याचा मार सारखा नव्हता. १८८५ च्या मिरवणुकीमागचा संताप पुष्कळसा येथून आला होता.

विरोधकांचे म्हणणे तपासून पाहू

विरोधकांचे सगळे मुद्दे एकाच तागडीत टाकणे चूक ठरेल. त्यांपैकी काही खरे होते, काही अर्धवट होते आणि काही खोटे होते.

खरा मुद्दा हा, की त्या काळची लस पुरेशी निर्धोक नव्हती. एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातील द्रव काढून तो थेट दुसऱ्या मुलाला टोचत, त्याच्यापासून तिसऱ्याला. अशा 'दंडाकडून दंडाकडे' पद्धतीत पहिल्या मुलाला उपदंशासारखा रोग असेल तर तोही पुढे जाई. जखमा चिघळत. पालकांची भीती निराधार नव्हती. उपाय विज्ञानानेच शोधला. वासरांच्या कातडीवर लस वाढवून ती ग्लिसरिनमध्ये साठवू लागले. १८९८ नंतर इंग्लंडमध्ये दंडाकडून दंडाकडे लस देणे बंद झाले. विरोधकांनी ओरड केली नसती तर ही सुधारणा इतक्या लवकर झाली असती काय, याचा विचार करण्याजोगा आहे.

अर्धवट मुद्दा असा होता: १८७१-७२ मध्ये देवीची मोठी साथ आली आणि इंग्लंड व वेल्समध्ये चाळीस हजारांहून अधिक माणसे मेली. लेस्टरमध्येही तीनशेहून अधिक मृत्यू झाले. सक्तीने लस देऊनही साथ येते, तर लशीचा उपयोग काय, असे लोक विचारू लागले. प्रश्न रास्त होता, पण निष्कर्ष चुकीचा होता. लहानपणी एकदा टोचलेल्या लशीचे संरक्षण जन्मभर पूर्ण टिकत नाही, ते वर्षांगणिक ओसरते, असे अनुभवाने कळले. जर्मनीने यातून बोध घेतला. तेथे १८७४ च्या कायद्याने शाळकरी वयात दुसऱ्यांदा लस देणे सक्तीचे झाले, आणि देवीचा जोर तेथे झपाट्याने ओसरला.

खोटा मुद्दा असा, की देवी घाणीतून होतात आणि गटारे स्वच्छ केली की त्या आपोआप जातील. पटकी आणि विषमज्वर दूषित पाण्यातून पसरतात, म्हणून स्वच्छ पाण्याने ते हटले. देवीचा विषाणू मात्र मुख्यतः रोग्याच्या श्वासातून व निकट सहवासातून पसरे. राजवाड्यातही देवी शिरत, हे इतिहासात नमूद आहे. गंमत अशी, की उत्क्रांतीच्या सिद्धांताचा सहसंशोधक आल्फ्रेड रसेल वॉलेस हाही लशीच्या विरोधकांत होता. मोठा शास्त्रज्ञ म्हणाला म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही, पुरावा पाहावा लागतो.

याखेरीज एक चौथा मुद्दा होता: 'माझ्या मुलाच्या शरीरात काय टोचायचे ते सरकारने ठरवू नये.' हा मुद्दा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून खरा-खोटा ठरवता येत नाही. त्याकडे आपण पुन्हा वळू.

लेस्टरची पद्धत

मिरवणुकीनंतर लेस्टरमध्ये सक्तीची अंमलबजावणी ढिली पडली आणि लस घेणाऱ्या बालकांचे प्रमाण झपाट्याने घसरले. मग देवीच्या साथीत शहर उद्ध्वस्त झाले काय? नाही. कारण शहराच्या आरोग्य विभागाने दुसरा मार्ग चोख पाळला. तेथे १८७९ पासून देवीचा रोगी आढळताच अधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक होते. कळताच रोग्याला वेगळ्या रुग्णालयात हलवत, घर व कपडे निर्जंतुक करत आणि सहवासातील माणसांना सुमारे दोन आठवडे वेगळे ठेवत. त्यांची बुडालेली मजुरी नगरपालिका भरून देई. रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना मात्र लस टोचलेली असे. ही 'लेस्टर पद्धत' म्हणून गाजली.

लशीचे विरोधक म्हणत, पाहा, लशीवाचून चालते! पण ती का चालली हे नीट पाहिले पाहिजे. देवीच्या रोग्याच्या अंगावर फोड दिसत, त्यामुळे तो लपत नसे. लक्षणांविना रोग पसरवणारे लोक जवळजवळ नसत. लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत दहा-चौदा दिवसांचा अवधी मिळे, आणि त्या काळात माणूस इतरांना बाधा देत नसे. म्हणजे शोध घ्यायला वेळ होता. शिवाय आजूबाजूच्या गावांत पुष्कळांना लस दिलेली असल्यामुळे बाहेरून येणारी लागणही कमी होती. आणखी एक गोष्ट अशी, की लेस्टरमध्ये स्वातंत्र्य पूर्णपणे अबाधित राहिले, असेही नव्हते. सुईची सक्ती गेली आणि तिच्या जागी रुग्णालयाची व वेगळे राहण्याची सक्ती आली.

जेथे लसही नव्हती आणि अशी चोख व्यवस्थाही नव्हती तेथे काय झाले? त्याचे उत्तर ग्लॉस्टर शहराने दिले. हे शहर जेन्नर यांच्याच परगण्यातील. तेथेही विरोधकांचे वर्चस्व होते आणि बहुतेक मुलांना लस टोचलेली नव्हती. १८९५-९६ मध्ये देवी शिरल्या. शाळकरी मुलांत त्या वणव्यासारख्या पसरल्या. वेगळे ठेवण्याची रुग्णालये अपुरी पडली. सुमारे दोन हजार लोकांना लागण झाली आणि चारशेहून अधिक मेले. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. भेदरलेल्या शहराने मग घाईघाईने लस टोचून घेतली.

थोडे गणित

ग्लॉस्टरमध्ये काय घडले ते एका सोप्या गणितातून समजते. समजा, एका रोगाचा रोगी सरासरी पाच जणांना लागण देतो. ते पाच पंचवीस जणांना, पंचवीस सव्वाशेंना. साथ भराभर वाढते. आता समाजातील दर पाचांपैकी चौघांत प्रतिकारक्षमता आहे असे धरा. तोच रोगी पाच जणांच्या सहवासात येईल, पण लागण एकालाच होईल. एकाचे एक झाले की साथ वाढत नाही. पाचांपैकी चार म्हणजे ८० टक्के. याहून अधिक लोक सुरक्षित असले तर साथ आपोआप विझते. यालाच सामूहिक प्रतिकारक्षमता म्हणतात. सूत्र असे: रोगी जितक्यांना लागण देतो त्या संख्येतून एक वजा करा आणि त्याच संख्येने भागा. देवीसाठी ती संख्या साधारण साडेतीन ते सहा होती.

गोवर फार वेगाने पसरतो. लस नसलेल्या समाजात एक रोगी बारा ते अठरा जणांना लागण देतो. पंधरा हा आकडा घेतला तर चौदा भागिले पंधरा, म्हणजे सुमारे ९३ टक्के लोक सुरक्षित हवेत. दोन मात्रा घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे ९७ जणांना गोवरापासून संरक्षण मिळते. तेव्हा ९३ जण सुरक्षित व्हायचे तर जवळजवळ ९६ जणांनी लस घ्यायला हवी. शंभरात चार-पाच जणांनी नाही म्हटले तरी कुंपणाला भोक पडते.

त्या भोकातून रोग कोणाकडे जातो? आपल्याकडे गोवराची पहिली मात्रा नऊ महिन्यांनंतर देतात, त्यामुळे त्याहून लहान बाळे उघडी असतात. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या मुलाला ही लस देताच येत नाही. या दोघांनी लस नाकारलेली नाही. त्यांना निवडच नाही. त्यांचे संरक्षण शेजाऱ्यांच्या दंडावर अवलंबून असते. 'माझे शरीर, माझा निर्णय' हे म्हणणे महत्त्वाचे आहे. पण त्या बाळालाही शरीर आहे, हे विसरून चालणार नाही.

रोग तसा नियम

मग प्रत्येक लस सक्तीची करावी काय? येथे रोगांचे स्वभाव पाहावे लागतात. धनुर्वात घ्या. त्याचे जंतू मातीत असतात आणि जखमेतून शिरतात. एका माणसाकडून दुसऱ्याला तो होत नाही. धनुर्वाताची लस न घेणारा स्वतःचा जीव धोक्यात घालतो, शेजाऱ्याचा नव्हे. तेथे 'इतरांच्या रक्षणासाठी सक्ती' हे कारण लागू पडत नाही. गोवरात मात्र पुरळ दिसण्याआधी चार दिवस रोगी इतरांना लागण देऊ लागतो. म्हणजे लेस्टर पद्धत येथे नेहमीच उशिरा पोहोचणार. पोलिओत तर बहुतेकांना काहीच लक्षणे दिसत नाहीत आणि पक्षाघात शंभरात एकापेक्षाही कमी मुलांना होतो. रोगी शोधून वेगळा ठेवायचा तर कोणाला? तेथे लशीला पर्याय नाही.

लशीचा स्वभावही पाहावा लागतो. कोणतीही लस पूर्णपणे धोक्याविना नसते. विसाव्या शतकातील सुधारलेल्या देवीच्या लशीनेही, प्रथमच टोचलेल्या दर दहा लाखांत एक-दोन मृत्यू होत. देवी फैलावलेल्या असताना हा धोका नगण्य होता. देवी संपल्यावर तोच धोका कोणी का पत्करावा? म्हणून ही लस सर्वांना देणे थांबवले गेले. लस तीच, धोका तोच, पण उत्तर बदलले. कारण परिस्थिती बदलली.

न्यायालये काय म्हणाली?

इंग्लंडमध्ये सरकारने १८८९ मध्ये चौकशी आयोग नेमला. सात वर्षे साक्षीपुरावे तपासून १८९६ मध्ये त्याने जो निष्कर्ष काढला तो मोठा शहाणपणाचा आहे. लस देवीपासून निश्चित संरक्षण देते, असे आयोगाने सांगितले; आणि त्याचबरोबर, एकाच मुलासाठी पुन्हा पुन्हा दंड करणे बंद करावे, असेही सांगितले. दोन प्रश्नांची दोन वेगळी उत्तरे! १८९८ च्या कायद्याने, ज्यांची सदसद्विवेकबुद्धी लस मान्य करत नाही अशा पालकांना सूट मिळू लागली. १९०७ मध्ये ती मिळवणे आणखी सोपे झाले. राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ मध्ये सुरू झाली तेव्हा सक्ती पूर्णपणे संपली.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज शहरात १९०२ मध्ये देवीची साथ असताना लस सक्तीची झाली. हेनिंग जेकबसन या धर्मोपदेशकाने नकार दिला. पूर्वी लशीचा आपल्याला त्रास झाला होता, असे त्याचे म्हणणे होते. त्याला पाच डॉलर दंड झाला. १९०५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दंड कायम केला. साथीपासून स्वतःचे रक्षण करण्याचा समाजाला हक्क आहे, मात्र सक्ती मनमानी नसावी आणि ज्याच्या प्रकृतीला लस घातक ठरेल त्याच्यावर ती लादू नये, असा त्या निकालाचा आशय होता. या निकालाचा पुढे एक गैरवापरही झाला. १९२७ मध्ये त्याच न्यायालयाने, 'मतिमंद' ठरवलेल्या व्यक्तींची सक्तीने नसबंदी करण्याच्या कायद्याला मान्यता देताना जेकबसन प्रकरणाचा आधार घेतला. साथ नाही, लागण नाही, तरी शरीरावर सक्ती! एका ठिकाणी योग्य ठरलेले तत्त्व दुसरीकडे उचलून नेले की केवढा अन्याय होतो, याचे हे उदाहरण आहे. आपल्या देशातही आणीबाणीच्या काळात नसबंदीच्या सक्तीचा कटू अनुभव लोकांनी घेतला.

आजही देशादेशांतील नियम निरनिराळे आहेत. गोवराच्या साथी पुन्हा डोके वर काढू लागल्यावर इटलीने २०१७ मध्ये बालकांसाठी दहा लशी सक्तीच्या केल्या. फ्रान्सने २०१८ पासून सक्तीच्या लशी तीनवरून अकरा केल्या. चेक प्रजासत्ताकातील बालकांच्या लसीकरणाची सक्ती युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ८ एप्रिल २०२१ रोजी ग्राह्य ठरवली. उलट स्वीडनमध्ये सक्ती नाही, तरी तेथे बालकांच्या लसीकरणाचे प्रमाण खूप वरचे राहिले आहे.

भारतात कोविडच्या काळात हा प्रश्न थेट आपल्या दारी आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकल गाड्यांतून सर्वसामान्य प्रवाशांना प्रवास करायचा तर दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेले असणे आवश्यक होते. कोविडच्या लशींनी गंभीर आजार आणि मृत्यू फार मोठ्या प्रमाणात टाळले. मात्र लागण रोखण्याची त्यांची शक्ती काही महिन्यांत ओसरे, आणि २०२१ च्या अखेरीस आलेला ओमिक्रॉन हा प्रकार लस घेतलेल्यांनाही लागत होता. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही. सार्वजनिक हितासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकते, पण ते प्रमाणात असले पाहिजेत. आणि लस न घेतलेल्यांपासून घेतलेल्यांपेक्षा अधिक प्रसार होतो, असे दाखवणारी माहिती सरकारांनी पुढे ठेवलेली नाही, असे न्यायालयाने म्हटले. लशीच्या दुष्परिणामांची माहिती लोकांना खुली करावी, असेही सांगितले. सरकारचे लसीकरणाचे धोरण मात्र न्यायालयाने योग्यच ठरवले. येथेही पुन्हा दोन प्रश्न आणि दोन उत्तरे!

सक्ती आणि विश्वास

सक्तीने काम झटपट होते असे वाटते. पण तिची किंमत नंतर मोजावी लागते. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा सैनिकांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या, रोग्यांना रुग्णालयात आणि कुटुंबीयांना छावण्यांत नेले. रोग्यांना वेगळे ठेवण्यामागचा हेतू शास्त्रीय होता, पण रीत अपमानाची होती. लोक रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली, तो इतिहास तुम्हांला ठाऊकच आहे. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची नवी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. एकीकडे बंदूक आणि दुसरीकडे स्वतःचा दंड, असे विश्वास मिळवण्याचे आणि गमावण्याचे दोन मार्ग एकाच वर्षी दिसले.

देवीच्या उच्चाटनाचा शेवटचा अध्यायही असाच बोलका आहे. सर्वांना लस देण्याऐवजी, रोगी सापडताच त्याला वेगळा करायचा आणि त्याच्या भोवतालच्या सर्वांना लस टोचून जणू कडे उभारायचे, ही रीत १९६६ च्या अखेरीस नायजेरियात विल्यम फेगी यांनी वापरली, आणि पुढे ती जगभर यशस्वी झाली. म्हणजे लेस्टरचा शोध आणि जेन्नर यांची लस, शंभर वर्षे भांडलेले हे दोन पक्ष, शेवटी एकत्र नांदले! भारतातील शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये आढळला, जगातील नैसर्गिक लागणीचा शेवटचा ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात, आणि ८ मे १९८० रोजी देवीचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. या मोहिमेत आपल्या देशात काही ठिकाणी लोकांना धरूनही लस टोचली गेली. त्याबद्दल कार्यकर्त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. पुढे पोलिओच्या मोहिमेत उत्तर प्रदेशात काही वस्त्यांतून विरोध झाला तेव्हा दंड किंवा पोलीस यांऐवजी त्याच वस्तीतील स्त्रिया, डॉक्टर आणि धर्मगुरू यांची मदत घेण्यात आली. भारतातील पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला.

निर्णयापूर्वी विचारायचे प्रश्न

पुढे कधीतरी नवी साथ येईल, नवी लस येईल आणि हाच वाद पुन्हा उभा राहील. तेव्हा घोषणा देण्यापूर्वी हे प्रश्न विचारावेत:

१. रोग माणसाकडून माणसाला होतो काय, आणि तो किती घातक आहे?

२. लस फक्त घेणाऱ्याचे रक्षण करते, की प्रसारही थांबवते? किती काळ?

३. लशीचा धोका किती, आणि तो लोकांना उघडपणे सांगितला जातो काय?

४. सक्तीपेक्षा सौम्य उपायाने तेच काम होईल काय?

५. सक्ती केलीच तर तिचा मार गरिबांवर अधिक पडतो काय, आणि ज्यांना वैद्यकीय कारणाने लस चालत नाही त्यांना सूट आहे काय?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेतून आणि रुग्णालयांच्या नोंदींतून मिळतात. त्यांत मताला वाव नाही. उरलेल्या दोहोंची उत्तरे समाजाने मिळून शोधायची असतात, आणि त्यांत शहाण्या माणसांचेही मतभेद होतात. तुमच्या वर्गात यावर वादसभा घ्याच. मात्र बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी सांगावे, की आपण कोणत्या प्रश्नाबद्दल बोलत आहोत. लेस्टरच्या रस्त्यावर १८८५ मध्ये एवढे जरी झाले असते, तरी कामगाराच्या घरातील सामानाचा लिलावही टळला असता आणि ग्लॉस्टरची पुष्कळ मुलेही वाचली असती.